मांजरपाटाची हाफ पँट

१

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी स्वतःची हाफ पँट शिवायला बसलेला माणूस हास्यास्पद दिसतो, हे मला माहीत आहे. पण डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं होतं, आणि बाजारातली एकही हाफ पँट मला नीट बसत नव्हती. माझा डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड आहे. आठव्या वर्षी शाळेच्या भिंतीवरून पडलो आणि हाड जुळवताना कुणाचं तरी लक्ष नव्हतं. तेव्हापासून तयार कपडा माझ्या अंगावर तिरका उभा राहतो. डावी बाजू गुडघ्यावर लोळते, उजवी वर चढते आणि मधली शिवण भलतीकडंच जाते.

"त्यात दुकानदारांचा काही दोष नाही," नम्रता म्हणाली. "ते सरळ माणसांसाठी शिवतात."

नम्रता माझी बायको. एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. सकाळी साडेनवाला जाते, संध्याकाळी सहाला येते. मी भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मोजमापाची हत्यारं तपासत होतो. एखादं हत्यार केसभर जरी खोटं दाखवायला लागलं, तरी त्यावर लाल चिठ्ठी चिकटवून ते बाजूला काढायचं, एवढंच माझं काम. पुढं कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि मी घरी आलो. त्याला दोन वर्षं झाली. कात्रजला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली, आणि आतल्या खोलीला लागून कपडे वाळत घालायची बाल्कनी. दिवसभर त्यात मी एकटा असतो.

मला बोलण्याचं अंग नाही. नम्रता घरी आली की ऑफिसातलं सांगते आणि मी "हं" म्हणतो. सुरुवातीला ती चिडायची, मग हसायची, अलीकडं सांगणंही कमी झालं होतं. पाच वाजल्यापासून माझे कान लिफ्टकडं लागलेले असतात, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. चोवीस वर्षांच्या संसारात असलं काय सांगायचं, असं वाटायचं. खरं तर अख्ख्या दिवसात मला दुसऱ्या कशाची ओढ उरली नव्हती.

२

नारायण पेठेत एका बोळाच्या तोंडाशी अख्तरबानूंचं शिवणाचं दुकान आहे. त्यांच्या आजोबांपासून ते तिथंच आहे. दुपारी दोन तास त्या शिकवतात, तेही फक्त बायकांना. मी माझी स्टीलची टेप घेऊन गेलो होतो. ती बघून त्या म्हणाल्या, "पुरुषांना मी घेत नाही. पण तुम्ही स्वतःची टेप आणलीत. बसा त्या कोपऱ्यात."

त्यांनी माझी मापं घेतली आणि मी ती माझ्या वहीत उतरवली. कंबर अडतीस. सीट एकेचाळीस. उजवी लांबी एकोणीस, डावी सव्वाअठरा. दोन्ही पायांचे कागद वेगवेगळे काढायचे, आरशातल्यासारखे उलटसुलट नाहीत, असं त्यांनी बजावलं. आधी स्वस्तातल्या मांजरपाटाची कच्ची पँट बेतायची, हातानं धावदोरा घालून. ती घालून बघायची, टाचण्या लावायच्या, खडूनं खुणा करायच्या. माप जमलं की ती उसवायची आणि तिचे तुकडे खाकी कागदावर ठेवून पेपर कटिंग काढायचं. मग खरं कापड कापायचं.

"आणि कच्ची पक्की करायची नाही," त्या म्हणाल्या. "नेफा नाही, नाडी नाही, मशीनची शिलाई नाही. काम झालं की कमरेवर कात्री मारून मोकळं व्हायचं."

"का?"

"साहेब, कारखान्यात तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायचात?"

"हो."

"मग इथं नका विचारू."

घरी येऊन मी दोन दिवस खपलो. कच्ची तयार झाली, ती घालून आतल्या खोलीतल्या आरशासमोर उभा राहिलो आणि थोडा वेळ तसाच राहिलो. दोन्ही गुडघे पँटच्या काठाखाली एका रेषेत होते. मधली शिवण मध्यावर होती. आठव्या वर्षानंतर पहिल्यांदाच मी आरशात सरळ उभा होतो. मला एकदम भरून आलं, आणि त्याची लाजही वाटली.

आता ती कात्रीनं फाडायची? आमच्या घरात दुधाची पिशवीसुद्धा धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवतात. दोन मीटर धडधाकट कापड केवळ कुणी सांगितलं म्हणून फाडून टाकणं माझ्यानं होणार नव्हतं. मी ती न उसवताच कागदावर पसरून कडेनं पेन्सिल फिरवली आणि पेपर कटिंग काढलं. मग धावदोऱ्यावरून मशीन मारली, नेफा केला, जुन्या लेंग्याची पांढरी नाडी ओवली. घरात घालायला झाली.

"छान बसलीय," नम्रता म्हणाली. "अगदी तुमच्यासाठीच केल्यासारखी."

"माझ्यासाठीच केलीय."

"तेच म्हणतेय," ती म्हणाली आणि आत गेली.

३

खरी हाफ पँट राखाडी रंगाची. त्याच कागदावरून बेतली, शिवणीसाठी दोन्ही कडांना माया सोडली, इस्त्री करत करत शिवली. घातली तर कमरेत इंचभर सैल.

अशा वेळी आधी हत्यार तपासतात. कापडी टेप स्टीलच्या पट्टीवर लावून बघितली, बरोबर होती. कागद मोजला, बरोबर. राखाडी पँट मोजली, अडतीसला अडतीस. मांजरपाटाची मोजली, तीही अडतीस. मग माझी कंबर मोजली. सदतीस भरली.

मला बरं वाटलं. चालण्याचा गुण येत होता. मी कडेच्या शिवणीतून अर्धा अर्धा इंच आत घेतला आणि प्रश्न मिटला.

आठवड्यानं ती पुन्हा सैल झाली. या खेपेला डावी बाजू गुडघ्यावर लोळायला लागली होती, पूर्वी दुकानातल्या लोळायच्या तशी. मी आरशात बघितलं. जुनाच तिरका माणूस उभा होता.

४

ते भाद्रपदाचे दिवस होते. ऊन पडतच नव्हतं. बाल्कनीत कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते आणि घरभर ओलसर वास भरून राहिला होता. मी रोज सकाळी दोरीवरचे कपडे चाचपायचो, उलटे करायचो, पुन्हा घालायचो. टॉवेल ओला, शर्ट ओला, नम्रताची ओढणी ओली. मांजरपाटाची हाफ पँट मात्र त्यांच्या मधोमध कोरडी होती.

नुसती कोरडी नाही, कोमट होती. कुणी नुकतीच काढून टाकावी तशी.

पलीकडच्या फ्लॅटचा गीझर त्याच भिंतीला आहे, हे मला आठवलं. मग मी तिथला टॉवेल चाचपला. तो गार होता. दुसऱ्या दिवशी मी कपड्यांच्या जागा बदलल्या. गीझरच्या बाजूला टॉवेल, पँट पार दुसऱ्या टोकाला. सकाळी टॉवेल ओला होता आणि पँट कोमट.

मी ती उतरवून उजेडात धरली. जांघेपाशी आडव्या चुण्या पडल्या होत्या, बराच वेळ बसल्यावर पडतात तशा. मी ती पँट पाच दिवसांत घातली नव्हती. तिची डावी मांडी आतल्या बाजूनं थोडी घासली गेली होती. माझे सगळे कपडे तिथंच घासतात, आखूड पायामुळं. मला माझं घासणं ओळखू येतं. पण नव्या मांजरपाटाला इतकं घासायला महिने लागले असते.

कापड हलकं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ती घडी करून मी कपाटाच्या खालच्या खणात टाकली.

५

त्या बुधवारी नम्रता घरी आली तेव्हा हातात बाकरवडीचा पुडा होता. चप्पल काढता काढताच ती हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. दुपारी फोनवर बोललात ना, त्याचं आठवलं."

मी "हं" म्हणालो. माझं "हं" तिला नवं नव्हतं.

"मला वाटलं, ह्यांना झालंय काय आज," ती म्हणाली. तिनं पुडा टेबलावर ठेवला, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. "पाच वाजल्यापासून कान लिफ्टकडं लागलेले असतात म्हणालात. चोवीस वर्षांत पहिल्यांदा असलं काही बोललात तुम्ही. मी फायलींच्या खोलीत जाऊन रडले, माहितीय? शेजारच्या टेबलावरची शेफाली विचारत होती काय झालं म्हणून."

दुपारी तीन ते पावणेचार मी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर चालत होतो. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. मी उठून तो बघितला. तीन वीसला नम्रताचा फोन आलेला होता. अकरा मिनिटं.

ते वाक्य माझंच होतं. फक्त मी ते कुणापाशी बोललो नव्हतो.

मी बाहेर आलो. नम्रता बाकरवडी ताटलीत काढत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणताना मी तिला किती वर्षांनी ऐकत होतो, कुणास ठाऊक. त्याच वेळी सांगायला हवं होतं. नम्रता, तो मी नव्हतो. एवढंच वाक्य होतं.

"खरंच वाट बघता का हो?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्या 'हो'ची मला अजून शरम वाटते. दुसऱ्याच्या कामावर मी माझी सही ठोकली होती.

६

पुढच्या पंधरा दिवसांत घरात चांगलं वातावरण होतं. हे लिहिताना मला कसंतरी होतं, पण ते खरं आहे. नम्रता ऑफिसातून दोनदा-तीनदा फोन करायची आणि खुश होऊन घरी यायची. मी फोन खिशात ठेवायला लागलो. खिशात असला की तो वाजायचा नाही. घरी विसरलो की वाजून गेलेला असायचा.

एकदा मी ठरवून बोलायचं धाडस केलं. चहा पिताना म्हणालो, "लहानपणी पडलो ना, तेव्हा मी भिंतीवरून आपणहून पडलो नव्हतो. कोंडीराम नावाचा वर्गमित्र होता, त्यानं ढकललं होतं. मी कधी कुणाला सांगितलं नाही."

नम्रतानं माझ्या हातावर हात ठेवला. "सोमवारी सांगितलंत की. किती वेळ बोलत होतात." मग तिनं माझं मनगट बोटांत धरून बघितलं. "अहो, पण किती बारीक झालायत तुम्ही. दुपारी बरे दिसता, संध्याकाळी असे. डॉक्टरांना दाखवा बघू."

"दुपारी कधी बघितलंस तू मला?"

"काल हाफ डे होता ना. मी आले तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला नव्हतात का, मांजरपाटाची घालून?"

आदल्या दुपारी मी बँकेत रांगेत उभा होतो. टोकनचा कागद अजून माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी तो चाचपला, पण बाहेर काढला नाही. काढला असता, तर तिनं दुपारी कुणाशी गप्पा मारल्या, हेही तिला सांगावं लागलं असतं.

राखाडी पँट आता कमरेवर राहतच नव्हती. नम्रता म्हणाली, "उभे राहा, इथल्या इथं दोन टाके घालते." ती सुईदोरा घेऊन स्टुलावर बसली आणि दोऱ्याचा एक तुकडा दातांनी तोडून माझ्यापुढं धरला. "हा धरा तोंडात. आणि टाके होईपर्यंत बोलू नका."

"कशाला?"

"अंगावरचा कपडा शिवताना धरतात. आई धरायला लावायची. म्हणजे कळतं, जिवंत माणसाच्या अंगावर शिवतोय म्हणून."

"कुणाला कळतं?"

"ज्याला कळायचं त्याला."

"मी जिवंत आहे हे दोऱ्यावरून ठरायला मी काय गेलोय का कुठं?" मी म्हणालो. असल्या गोष्टींना मी आयुष्यात मान दिला नव्हता. दोरा मी घेतला नाही.

नम्रतानं टाके घातले. शेवटची गाठ मारून ती उठली. तो तुकडा तिनं केरात टाकला नाही. खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला.

७

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास मी हॉलमध्ये मशीनवर बसलो होतो. राखाडी पँट पुन्हा उसवून तिसऱ्यांदा शिवत होतो. काम संपलं नव्हतं, तरी मध्येच पाय पायडलवरून काढला. का काढला, सांगता येत नाही. चाक दोन फेरे फिरून थांबलं.

आतल्या खोलीत कुणीतरी चालत होतं.

एक पाऊल ठाम, एक घासत. माझ्या डाव्या सपातेला चांभाराकडून जास्तीचा तळ लावून घेतलाय. तो फरशीवर टेकताना वेगळा वाजतो, रबर आणि मग चामडं. हा आवाज मी रोज ऐकतो, पण तो नेहमी माझ्याखालून येतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून तो कसा ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या पायात त्या वेळी मोजे होते. सपाता कुठं होत्या, मला आठवेना.

पावलं खिडकीपर्यंत गेली, थांबली, खुर्चीची वेताची बैठक करकरली. मग काहीच नाही. मी शंभरपर्यंत आकडे मोजले. वरच्या मजल्याचा आवाज खाली येतो, जुन्या इमारतींत तर नेहमीच. आमची इमारत मात्र सात वर्षांची आहे.

आत गेलो तेव्हा खोली रिकामी होती. सपाता खुर्चीपुढं नीट जोडून ठेवलेल्या होत्या. मी खुर्चीच्या बैठकीवर तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला. बैठक कोमट होती. खिडकीच्या कठड्यावरचा दोऱ्याचा तुकडा नव्हता. वाऱ्यानं उडाला असेल.

कपाटाचा खालचा खण उघडला. मांजरपाटाची पँट त्यात नव्हती. ती बाल्कनीत दोरीवर होती, धुतलेली, दोन चिमट्यांत. मी टेप आणली आणि दोरीवरच तिची कंबर मोजली.

साडेएकोणचाळीस.

मी तीन वेळा मोजली. मग घर बंद करून जिन्यात जाऊन बसलो, नम्रता येईपर्यंत. पाच वाजल्यापासून माझे कान लिफ्टकडं होते. ती आली, मला तिथं बघून म्हणाली, "अहो, इथं काय करताय? आत या." मला तिला सगळं सांगायचं होतं. तिच्या हातात मोगऱ्याचा गजरा होता. "आणायला सांगितला होतात ना," ती म्हणाली. मी तिच्यामागं आत गेलो.

८

दुसऱ्या दिवशी शनिवार. नम्रता दोनपर्यंत घरी यायची होती. मी दुपारचं न जेवताच बस धरून नारायण पेठेत गेलो. पट्ट्याला मी खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं, तरी पँट घसरत होती. अख्तरबानू एका ब्लाउजला हुक लावत होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"ती कच्ची कुठं आहे?" त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"घरी."

"कापली नाहीत."

"घरात घालायला ठेवली."

"तुम्ही घालता?"

मी घसरणारी पँट वर ओढली. त्या उठल्या, गळ्यातली टेप काढून माझ्या कमरेभोवती फिरवली, आकडा बघितला आणि टेप गुंडाळायला लागल्या.

"किती?" मी विचारलं.

"घरी जा, साहेब."

आकडा न सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. मी म्हणालो, "मी एकतीस वर्षं मापं घेतलीत. मला सांगितलंत तरी चालेल."

"तुम्हाला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या, पण आवाजात खोच नव्हती. त्यांनी गल्ल्याखालून स्वतःची मोठी कात्री काढली आणि मूठ माझ्याकडं करून पुढं धरली. शिंपी आपली कात्री दुसऱ्याच्या हातात देत नाही, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. "नेफ्यावरून आडवी. एका दमात. पण ती कुणाच्या अंगावर नसतानाच."

"कुणाच्या म्हणजे? घरात मी आणि बायको, दोघंच असतो."

त्यांनी हुकाची सुई पुन्हा हातात घेतली. "लवकर जा. ताईंना घरात एकटं ठेवू नका."

९

परतीची बस स्वारगेटला बराच वेळ अडकली. घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. माझ्या किल्लीनं दार उघडलं. हॉलमध्ये पंखा चालू होता. टेबलावर चहाचे दोन कप होते, दोन्ही अर्धे. दाराशी चपलांच्या फळीवर नम्रताच्या सँडल होत्या आणि माझ्या सपातांची जागा रिकामी होती.

आतून नम्रताचं हसणं ऐकू आलं.

मी शबनम पिशवीतून कात्री काढली. आतल्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. दारापर्यंत गेलो, तर माझ्या पावलांचा आवाज येत नव्हता. तो का येत नव्हता, याचा विचार मी केला नाही.

"इतक्यात घट्ट व्हायला लागली?" नम्रता म्हणत होती. "बघा, घरचं जेवण अंगी लागतंय शेवटी. थांबा, कडेची माया सोडते थोडी."

कुणीतरी हळू आवाजात काहीतरी म्हणालं. वाक्य बरंच लांब होतं. शब्द मला कळले नाहीत, पण लय ओळखीची होती. बोलायला जमलं असतं तर मी तसाच बोललो असतो.

नम्रता पुन्हा हसली. "पुरे आता. हलू नका. अंगावर शिवतेय, तोंडात दोरा धरा. तुम्हाला पटत नाही, माहितीय मला. माझ्यासाठी धरा."

"हं," आतून उत्तर आलं.

तो माझा हुंकार होता. चोवीस वर्षं मी तिला तेवढाच देत आलो होतो, आणि आता तोही माझ्याकडं राहिला नव्हता.

वीतभर फटीतून मला नम्रताची पाठ दिसली. ती स्टुलावर बसली होती, केसांत कालचा गजरा होता. तिच्या खांद्यापलीकडं मांजरपाटाचा काठ होता आणि त्याखाली दोन गुडघे, एका रेषेत. डावी टाच जाड तळाच्या सपातेवर टेकलेली. डाव्या नडगीवर माझ्या आठव्या वर्षीच्या ऑपरेशनची लांब, चकचकीत खूण. कमरेच्या वरचं दाराच्या फळीआड होतं. माझ्याही पँटखाली एक नडगी होती. पँट वर करून मी ती बघितली नाही.

"नम्रता," मी हाक मारली.

तिचा हात थांबला. तिनं मान वर केली, समोरच्याकडं.

"काही म्हणालात?"

वरून उत्तर आलं नाही. दोरा तोंडात असताना बोलायचं नसतं. बहुतेक मान हलली असावी, कारण ती "मला वाटलं" असं म्हणाली आणि पुन्हा सुई चालवायला लागली.

दार ढकलायला एक बोट पुरलं असतं. पण दार उघडलं असतं तर ती वळली असती, आणि मग दोघांपैकी कुणाकडं बघून तिला भीती वाटली असती, ते मला बघायचं नव्हतं. ती पँट आता अंगावर होती. कात्रीचा काही उपयोग नव्हता. मी ती आवाज न करता मशीनवर ठेवली आणि घसरणारी पँट मुठीत धरून आतल्या खोलीच्या दाराशी परत आलो.

टाके संपले. नम्रतानं वाकून दातांनी दोरा तोडला. तिच्या हातून उरलेला तुकडा खाली पडला आणि पंख्याच्या वाऱ्यानं सरकत सरकत उंबऱ्याशी आला. पांढरा, बोटभर लांबीचा.

मी खाली बसून तो उचलला, तोंडात धरला, आणि ती माझ्याकडं बघेल म्हणून तिथंच वाट बघत राहिलो.